आठ अक्षरं

सोमवारी दुपारी मी तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडलो होतो, तेवढ्यात वहिनी आत आली. "भावोजी, उठा. तुम्हाला भेटायला एक बाई आल्यात." आणि मग आवाज खाली आणून, पण दारात उभ्या असलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल इतपतच खाली, "एकाहत्तराव्या वर्षी का होईना, आली एकदाची कुणीतरी!"

माझं लग्न झालेलं नाही. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी, पुतण्या आणि मी असे तिघं या तीन खोल्यांत राहतो आणि माझी चेष्टा करणं हे वहिनीचं हक्काचं काम आहे. मी शर्ट चढवला आणि बाहेर आलो.

आलेली बाई पन्नाशीची, जाड चष्म्याची, घामाघूम झालेली. तिने नाव सांगायच्या आधीच मी तिला ओळखलं. गावात संस्कृत आणि पुराणांचं संशोधन करणारी जी संस्था आहे तिची ती संचालिका. तिचा फोटो अधूनमधून पेपरात येतो, बहुतेक वेळा खाली भलत्याच माणसाचं नाव छापून. हल्ली छापणाऱ्यांना लाजच राहिलेली नाही. पण मला ती आठवत होती ती बाईंची शेवटची विद्यार्थिनी म्हणून. बाई म्हणजे कोण ते सांगतो, आधी हिचं ऐकून घेऊ.

"तुम्ही छापखान्यात जुळारी होतात ना?" ती म्हणाली. "बाईंचं पुराण तुम्हीच जुळवलंत?"

"अक्षर न् अक्षर."

तिने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यासमोर धरला. हात लावायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. काळ्या शाईत बाईंचं सरळ, उभं अक्षर, आणि मध्येच तांबड्या शाईत एक ओळ: "येथे आठ अक्षरे कसरीने खाल्ली आहेत. जागा सोडावी."

"ही छापखान्यात पाठवलेली मूळ प्रत," संचालिका म्हणाली. "बाई शनिवारी कायमच्या भाच्याकडे चालल्यात. विमानानं जावं लागतं इतक्या लांब. पुस्तकं खोक्यांत भरताना हे एका बासनात सापडलं. म्हणजे बघा, बाईंनी जागा सोडली होती. ती आठ अक्षरं त्यांनी पदरची घातलीच नव्हती. ती घातली छापखान्यानं."

छापखाना म्हणजे मी. हे तिला माहीत होतं आणि ती ते भल्या माणसासारखं न बोलता बसली होती.

मग तिने दुसरा कागद काढला. टाइप केलेला. "सदर पानावरील आठ अक्षरे जुळाऱ्याकडून नजरचुकीने पडली. संपादिकेचा त्यात कोणताही दोष नाही." खाली सहीसाठी रेघ.

"पुराणाची दुसरी आवृत्ती निघतेय. प्रस्तावनेत हे छापते. एकोणतीस वर्षं त्या बाईला लोक खोटारडी म्हणतायत, काका. त्या जायच्या आत हे मिटलं पाहिजे."

"सही करतो," मी म्हणालो. "पण आधी त्यांना दाखवतो."

"नको!" ती जवळजवळ ओरडली. "त्या नाही म्हणतील. त्यांना किती वेळा विचारलं, छापखान्याची चूक असेल तर सांगा, शुद्धिपत्र काढू. तोंडातून शब्द काढत नाहीत."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. उद्या जाऊन येतो म्हणालो. ती गेल्यावर वहिनी म्हणाली, "काय हो, कोणत्या बाईला आणि काय दाखवायचंय?" मी पेपर परत तोंडावर घेतला.

आता सांगतो.

मी खिळे जुळवायला लागलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. सातवीच्या पुढे शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर घरात दोन मतं आहेत. शिशाचे खिळे केसच्या, म्हणजे त्यांच्या लाकडी ट्रेच्या, खणांतून वेचायचे, उलट्या अक्षरांची ओळ हातातल्या पट्टीत लावायची, पट्टी भरली की पानाच्या चौकटीत उतरवायची. तेहतिसाव्या वर्षापर्यंत मी आमच्या छापखान्यातला सगळ्यात जलद आणि सगळ्यात कमी चुका करणारा जुळारी झालो होतो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायला दुसरं काही नव्हतं म्हणून सांगतो.

त्या वर्षी संस्थेनं आमच्याकडे एका पुराणाचं काम दिलं. लहानसंच पुराण आहे, फार कुणाला ठाऊक नसलेलं. त्याच्या तीन पोथ्या मिळाल्या होत्या, त्या ताडून, कुठल्या पोथीत कोणता शब्द वेगळा आहे ते तळटीपांत देऊन, बाईंनी अकरा वर्षं खपून त्याची शुद्ध प्रत तयार केली होती. आणि ती छापताना एक टिंब इकडचं तिकडे होऊ नये म्हणून त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी स्वतः छापखान्यात येऊन बसायच्या. चाळिशीच्या होत्या. इतक्या मोठ्या विदुषीनं शिशाच्या वासात, माझ्या केसशेजारच्या लाकडी स्टुलावर बसावं, याचं मालकांना फार अवघड वाटायचं. बाईंना काही वाटत नसे. प्रूफात एक काना कमी असला तरी त्यांना तो लांबून दिसायचा. आम्ही मागून त्यांना काना-मात्रा बाई म्हणायचो. त्यांना ते कळलं, तेव्हा म्हणाल्या, "चला, डॉक्टरपेक्षा बरी पदवी आहे."

त्या मोठ्यानं वाचायच्या, मी जुळवायचो. कुठे जोडाक्षर अडलं की त्या फोडून सांगायच्या. मग मी विचारायला लागलो, "हे म्हणतंय काय पण?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्यांनी अर्थ सांगितला. नुसता सांगितला नाही, रंगवून सांगितला, ऋषीचं सोंग घेऊन, राक्षसाचा आवाज काढून. पलीकडे मशिनवाला हसून हसून बेजार. दोन वर्षं हे चाललं. दोन वर्षांत मला व्याकरण आलं नाही, पण तेच ते शब्द रोज हाताखालून जाऊन जाऊन कुठल्या शब्दाशेजारी कुठला बसतो ते बोटांना कळायला लागलं. आठ-आठ अक्षरांचे चार तुकडे म्हणजे एक श्लोक. कुठलं अक्षर लांबवायचं, कुठलं झटकन सोडायचं, हे मला कानानं कळायचं. एकदा त्यांनी लिहिताना एक अक्षर गाळलं होतं आणि मी म्हणालो, "बाई, ही ओळ लंगडतेय." त्यांनी मोजून पाहिलं. मग दिवसभर मधूनमधून माझ्याकडे बघून हसत होत्या.

मंगळवार आणि शुक्रवार सोडून बाकीचे दिवस कशाला येतात, असं मला वाटायला लागलं होतं. हे प्रेम होतं की काय, असले प्रश्न मी स्वतःला विचारले नाहीत. विचारून काय करणार होतो? त्या विद्यापीठात शिकवायच्या, देशोदेशी निबंध वाचायच्या. माझ्या नखांत शाई होती.

मग त्यांची आई आजारी पडली आणि तीन आठवडे त्या आल्याच नाहीत. प्रत तेवढी पाठवत होत्या. अडतिसावा अध्याय त्यात आला.

त्यात एक ऋषी बायकोला सोडून तपाला जातो. बारा वर्षांनी परत येतो आणि विचारतो, इतका काळ कसा काढलास? ती उत्तर देते. मी अग्नी विझू दिला नाही. मी गायींना पाणी दिलं. मी ऋतू मोजायचे सोडले. हे झाले तीन तुकडे. आणि चौथा तुकडा, तिच्या मनातलं जे काय असेल ते, कसरीने खाल्लेलं. हा अध्याय तिन्हीतल्या एकाच पोथीत होता, त्यामुळे दुसरीकडून आणायची सोय नव्हती. जागा सोडावी.

अशा जागी काय करायचं याची आमची ठरलेली पद्धत होती. तेवढे खिळे उलटे लावायचे. प्रूफात काळे ठोकळे उमटतात, तपासणाऱ्याला लगेच दिसतात, शेवटी त्यांच्या जागी टिंबं घालायची. ही पद्धत मी शेकडो वेळा पाळली होती. त्या दिवशी मी खिळे उलटे लावले नाहीत. बाई नव्हत्या, स्टूल रिकामं होतं, छापखान्यात नुसता मशिनचा आवाज होता. मी बराच वेळ हातात पट्टी घेऊन उभा राहिलो आणि मग केसमधून एकेक खिळा वेचून आठ अक्षरं लावली.

पश्यन्ती ते पदं स्थिता.

तुझ्या पावलाचा ठसा बघत उभी राहिले. बस्स, एवढंच.

मला काय वाटलं होतं, ते सांगतो. मंगळवारी प्रूफ बाईंच्या घरी जाईल, त्या वाचतील, हसतील किंवा चिडतील, समासात काहीतरी खरमरीत लिहून पाठवतील आणि मी ते काढून टाकीन. पण त्यांना कळेल तरी. चिठ्ठी लिहायची माझी छाती नव्हती. लिहिली असती तरी शुद्धलेखनाच्या भीतीनंच मेलो असतो.

प्रूफ परत आलं. त्या पानावर बाईंच्या पाच खुणा होत्या. लागून खालच्याच ओळीत एक अनुस्वार अर्धवट उमटला होता, त्याला गोल केला होता. माझ्या आठ अक्षरांपाशी काहीच नव्हतं. दुसरं प्रूफ गेलं, परत आलं. काहीच नाही. तिसरं गेलं. त्यावर "छापावे" असं लिहून सही. पुढे बाई परत येऊन स्टुलावर बसू लागल्या, पण त्या पानाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही.

त्यांनी ते पाहिलंच नाही, असं मी धरून चाललो. आई आजारी, डोक्याला ताप, सुटलं असेल नजरेतून. आता तुम्ही म्हणाल, ज्या बाईला अर्धा अनुस्वार दिसतो तिला आठ अक्षरं दिसणार नाहीत? मला हे तेव्हाही कळत होतं. पण पाहून ठेवलं असेल, असं समजायचं म्हटलं तर पुढचंही काहीतरी समजावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत मी कुठून आणणार होतो?

जुळवलेल्या पानांचा फर्मा मशिनवर चढला. ग्रंथ निघाला. प्रकाशनाला मी शेवटच्या रांगेच्याही मागे भिंतीला टेकून उभा होतो. बाई व्यासपीठावर होत्या. बोलता बोलता त्यांनी दोनदा मागे पाहिलं, आणि दोन्ही वेळा मी छताकडे बघितलं. त्यानंतर संस्थेनं आपली कामं दुसऱ्या छापखान्याला दिली आणि बाई आमच्याकडे यायच्या थांबल्या.

ग्रंथ गाजला. आणि त्यातही गाजला अडतिसावा अध्याय. बाईंचं नाव झालं, परदेशातून पत्रं यायला लागली, एका पंडितानं म्हणे त्या चौथ्या तुकड्यावरच चाळीस पानांचा निबंध लिहिला. मी हे सगळं पेपरात वाचायचो आणि पेपराची घडी घालून बसायचो. वहिनी विचारायची, कोण वारलं?

सात वर्षांनी दुसऱ्या विद्यापीठातल्या एका विद्वानानं मूळ पोथीचा फोटो मिळवला. तिथं भोक. त्यानं लेख लिहिला: भोकात एवढी सुंदर ओळ आली कुठून? संपादिकेनं पदरचं घातलं. आता, पोथीत नाही ते घालणं हे त्या लोकांत खुनाइतकंच वाईट समजतात. खून एकवेळ माफ होईल. समिती बसली. बाई त्या वर्षी विभागप्रमुख व्हायच्या होत्या, ते राहिलं. त्या म्हणू शकल्या असत्या की छापखान्याची चूक. जगातला प्रत्येक लेखक म्हणतो, चूक नसते तेव्हासुद्धा म्हणतो. बाई समितीसमोर म्हणाल्या, "ग्रंथावर माझं नाव आहे. जे छापलंय त्याला मी जबाबदार." एवढंच. पुढं कुठल्याही सभेत त्या उठल्या की मागच्या बाकांवर खसखस पिकायची म्हणतात. मग त्यांनी सभांना जाणं सोडलं.

समितीच्या दिवशी मी संस्थेत गेलो होतो. व्हरांड्यातल्या बाकावर दोन तास बसलो. आत बाई होत्या आणि पाच म्हातारे होते. मी जाऊन सांगितलं असतं, मी घातलं, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला असता, का घातलं? आणि बाईंच्या देखत मी काय उत्तर देणार होतो? शिपायानं विचारलं, "काय काम आहे?" मी म्हणालो, "प्रूफ द्यायचं होतं, पण राहू दे," आणि निघून आलो. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या असतील. लाज मात्र मला या एकाच गोष्टीची वाटते.

मंगळवारी सकाळी मी बाईंच्या घरी गेलो. दाढी केली होती, पुतण्याचा शर्ट घातला होता. वहिनीनं पाहिलं आणि चक्क काही बोलली नाही.

दार उघडंच होतं. सगळ्या खोलीत खोकी. भिंतीवरची मांडणी रिकामी झालेली, पुस्तकं होती त्या जागांवर रंगाचे उजळ चौकोन. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक झाल्या होत्या, केस सगळे पांढरे, हातात भिंग. मान वर करून त्यांनी डोळे बारीक केले.

"जुळारी?"

छत्तीस वर्षांनी. "हो," मी म्हणालो. 

"बसा. खोक्यावरच बसा, त्यात शब्दकोश आहेत, मोडायचे नाहीत."

मी सरळ खिशातला कागद काढून दिला. त्यांनी भिंग धरून वाचला. डोळे इतके गेले होते की एका वेळी एकच अक्षर दिसत असावं. दोन ओळी वाचायला त्यांना बराच वेळ लागला आणि मी समोर परीक्षेला बसल्यासारखा बसून होतो.

"सही करायला आलात?"

"हो. आधीच करायला हवी होती. समितीच्या दिवशी मी तिथं आलो होतो बाई, बाहेर बसलो होतो, पण…"

"शिपायानं सांगितलं होतं मला. प्रूफवाले येऊन गेले म्हणून." त्यांनी भिंग कागदावर एका जागी टेकवलं. "यात 'नजरचुकीने' असं लिहिलंय. नजरचूक होती का?"

मी खाली बघितलं. सही करून मोकळं व्हावं, बाईंच्या नावावरचा डाग जावा, एवढंच ठरवून मी आलो होतो. खोटं बोलणं सोपं होतं, शिवाय त्यात बाईंचंच भलं होतं. पण त्या माझ्याकडे ज्या तऱ्हेनं बघत होत्या, त्या तऱ्हेनं कुणी बघत असताना खोटं बोलता येत नाही.

"नाही," मी म्हणालो. "बघून, मोजून घातलं होतं."

"मला ठाऊक आहे. एक अक्षर झटकायचं तिथं झटकलेलं, लांबवायचं तिथं लांबवलेलं. नजरचुकीनं कुणी छंद सांभाळतं होय?"

"म्हणजे तुम्ही पाहिलं होतं?"

"तीन प्रूफं आली. तीनदा पाहिलं." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "पहिल्यांदा भयंकर राग आला. अकरा वर्षांचं काम, आणि हा माणूस त्यात लुडबुड करतो. खोडायला पेन्सिल टेकवली होती. मग परत वाचलं. आई आतल्या खोलीत झोपली होती. मी ती ओळ मोठ्यानं म्हटली, एकदा, दोनदा. आणि मग मला खोडता येईना. दुसऱ्या प्रूफाला म्हटलं, आता खोडू. तिसऱ्याला म्हटलं, आता नक्की. सगळ्या जन्मात मी पोथीशी एकदाच बेइमानी केली, जुळारी, आणि ती मुद्दाम केली."

 मी म्हणालो, "मला वाटलं, तुमच्या नजरेतून सुटलं."

बाई गर्रकन माझ्याकडे वळल्या. "काय?"

"आई आजारी होत्या, म्हणून वाटलं, घाईत सुटलं असेल…"

"माझ्या नजरेतून?" त्यांचा चेहरा लाल झाला. "इतकी वर्षं तुम्ही असं समजत होतात? त्या पाच जणांनी मला खोटारडी म्हटलं, त्याचं मला काही वाटलं नाही. खोटं केलंच होतं मी. पण तुम्ही मला हलगर्जी समजलात! आठ अक्षरं न दिसणारी!" आणि मग त्यांचा आवाज फुटला. "अहो, ते ठेवलं हेच उत्तर होतं. त्याच्याहून मोठ्यानं मी कसं सांगायचं होतं? समारंभात दोनदा तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताला काय लागलंय ते बघत होतात. मला वाटलं, सहज गंमत केली असेल यांनी, आपणच वेड्यासारखं मनाला लावून घेतलं."

मी रडलो. एकाहत्तर वर्षांचा माणूस शब्दकोशांच्या खोक्यावर बसून रडताना कसा दिसतो कोण जाणे, चांगला दिसत नसणार. बाईंनी मला रडू दिलं. त्याही भिंग पुसत बसल्या होत्या, आणि पुसून होत नव्हतं.

मग मी त्यांच्या हातून कागद घेतला, 'नजरचुकीने' वर काट मारली आणि वर लिहिलं, 'जाणूनबुजून'. खाली सही केली. दिला परत.

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. "आता यात मी कोण ठरले?"

"निर्दोष."

"निर्दोष म्हणजे प्रूफं न बघणारी. त्यापेक्षा खोटारडी बरी. पेन द्या."

माझ्या सहीखाली त्यांनी चाचपडत लिहिलं: "तिन्ही प्रूफांत पाहिले. मुद्दाम ठेवले." आणि सही. ओळ थोडी तिरकी गेली. जन्मभरात बाईंची तिरकी ओळ मी तेवढीच पाहिली.

"बाई, यानं तुमचं नाव कायमचं जाईल."

"गेलंय ते. आता निदान खऱ्या कारणासाठी जाईल."

बुधवारी संचालिका बाईंच्या घरी आली. कागद वाचला, परत वाचला, आणि मटकन एका खोक्यावर बसली. मीही तिथंच होतो, एवढं सांगतो. तिने माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. हुशार मुलगी, तिला काय ते समजलं. "बाई, हे छापलं तर उरलेसुरले लोकही हसतील. मला हे छापवत नाही."

"तुझी आवृत्ती आहे," बाई म्हणाल्या. "त्या जागी टिंबं घाल. शास्त्राप्रमाणे टिंबंच बरोबर आहेत. मी तुझ्या जागी असते तर टिंबंच घातली असती."

"आणि हा कागद?"

"तो नंतर कधीतरी छाप. आम्ही दोघं गेल्यावर. तेव्हा आम्हाला कुणी हसलं तरी हरकत नाही."

तिने कागद जपून पिशवीत ठेवला आणि जाताना, का कोण जाणे, आम्हा दोघांच्याही पाया पडली.

शनिवारपर्यंत मी रोज गेलो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. पुस्तकं खोक्यांत भरली, खोक्यांवर नावं लिहिली. बाई मला मजकूर सांगायच्या आणि माझं लिहून झालं की भिंग घेऊन तपासायच्या. गुरुवारी एका खोक्यावर मी 'व्याकरण' चुकीचं लिहिलं, मुद्दाम. त्यांनी पकडलं आणि किती तरी वेळ आम्ही हसत होतो. त्यांनी मला राक्षसाचा आवाज काढून दाखवला. आता त्यांच्यात तेवढा दम नव्हता, राक्षसाला मध्येच खोकला आला. शुक्रवारी संध्याकाळी सगळी खोकी बांधून झाली, आणि मग काही करायला उरलं नाही म्हणून आम्ही नुसते बसलो. तीन दिवस कसे गेले ते कळलं नाही. त्याआधीची छत्तीस वर्षं मात्र कशी गेली ते मला दिवसागणिक सांगता येईल.

शनिवारी सकाळी भाचा गाडी घेऊन आला. चांगला माणूस आहे, घाईतला. त्यानं मावशीला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या, मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. मला म्हणाला, "काका, तुमची फार मदत झाली." मी मान हलवली. दार लागलं. बाईंनी काच खाली करायचं बटण शोधलं, सापडेना, मग भाच्यानंच पुढून काच खाली केली.

"जुळारी," त्या म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं."

भाच्यानं आरशातून आमच्याकडे पाहिलं. मी खिडकीवर हात ठेवला. काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं, त्यांना विमानात आठवेल असं.

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

ठाऊक कुठे होतं? जन्मभर मला तेवढंच ठाऊक व्हायला हवं होतं.